डायलिसिसवर असलेले वडील स्वतःच्या तब्येतीला 80 गुण देतात, आम्ही 45. कोणाचे खरे धरावे?

कृष्णाकाठची

नमस्कार. माझे वडील (वय 68, एसटीतून निवृत्त) सांगलीला असतात. मधुमेहामुळे त्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून गेल्या वर्षापासून आठवड्यातून तीनदा, दर वेळी सुमारे चार तास, डायलिसिस चालू आहे. मागच्या महिन्यात केंद्रात एका अभ्यासासाठी सगळ्या रुग्णांकडून प्रश्नावली भरून घेतली. चालणे-फिरणे, स्वतःचे स्वतः आवरणे, नेहमीची कामे, दुखणे-खुपणे आणि चिंता किंवा उदासी असे पाच प्रश्न होते आणि शेवटी शून्य ते शंभर अशी एक उभी पट्टी होती. त्या पट्टीवर आपली आजची तब्येत कुठे बसते, तिथे खूण करायची होती. अण्णांनी 80 वर खूण केली. नातेवाइकांसाठीही तसाच एक कागद होता. त्यावर मी 45 वर खूण केली आणि भावाने माझ्याही खाली.

एवढा फरक पाहून आम्ही दोघेही गोंधळलो आहोत. मला दिसतात ते अण्णा असे आहेत: सकाळी उठल्यावर पहिल्यांदा उजव्या हाताची बोटे डाव्या मनगटावरच्या फिस्टुलावर (डायलिसिसची सुई टोचण्यासाठी शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीवर) ठेवून आतला कंप लागतो ना, ते बघतात. दिवसभराचे पाणी एका बाटलीत मोजून ठेवलेले असते आणि जेवणानंतर ते एकच घोट घेऊन बाटलीचे झाकण लावतात. संध्याकाळी कट्ट्यावर जातात, पण चहा आला की "माझा आत्ताच झाला" असे सांगतात. ज्या माणसाने आयुष्यभर प्रत्येक स्टँडवरचा चहा चवीने प्यायला, त्याने हे सांगताना मला बघवत नाही. मग 80 आले कुठून?

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. आई (वय 61) मूत्रपिंड द्यायला तयार आहे आणि तिच्या सुरुवातीच्या तपासण्या अनुकूल आल्या आहेत. अण्णा मात्र म्हणतात, "मला काय धाड भरलीय? चाललंय ते बरं चाललंय." त्यांचे 80 खरे मानले, तर शस्त्रक्रियेसाठी आग्रह धरण्याचा आम्हाला काय अधिकार? ते मनाची समजूत घालत असतील, तर आम्ही गप्प बसणे बरोबर होईल का? जाणकारांनी आणि या अनुभवातून गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

समाजवैद्यक

ताई, मी वैद्यकीय महाविद्यालयात जनआरोग्य हा विषय शिकवतो, त्यामुळे या प्रश्नावल्या रोज हाताखालून जातात. वर्णनावरून आपल्या वडिलांनी भरली ती ईक्यू-5डी दिसते. युरोपातील संशोधकांच्या एका गटाने ती तयार केली आणि 1990 मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. आज जगभर ती वापरली जाते. तिच्या पट्टीवर शंभर म्हणजे उत्तर देणाऱ्याला कल्पिता येईल अशी सर्वोत्तम तब्येत आणि शून्य म्हणजे त्याला कल्पिता येईल अशी सर्वांत वाईट. दोन्ही टोके ज्याची त्याने ठरवायची असतात. आपण 45 वर खूण केली तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर शंभराच्या जागी बहुधा दहा वर्षांपूर्वीचे अण्णा होते. अण्णांच्या समोर कदाचित शेजारच्या खुर्चीवरचे, स्ट्रेचरवरून आणले जाणारे गृहस्थ असतील, किंवा डायलिसिस सुरू होण्यापूर्वीचे, पायांवर सूज आणि तोंडाला चव नाही असे ते स्वतः असतील. तिथून मोजले तर 80 ही अतिशयोक्ती नाही.

आजार अंगवळणी पडला की माणसाचे मोजमापच बदलते, हे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे. 1999 मध्ये मिर्जाम स्प्रँगर्स आणि कॅरोलिन श्वार्ट्झ यांनी या बदलाची नीट मांडणी केली. त्यांच्या म्हणण्यानुसार तीन गोष्टी बदलू शकतात: चांगले कशाला म्हणायचे याची पातळी, कोणत्या गोष्टीला किती महत्त्व द्यायचे याचा क्रम, आणि चांगले जगणे म्हणजे काय ही कल्पनाच. त्याच वर्षी गॅरी अल्ब्रेक्ट आणि पॅट्रिक डेव्हलिगर यांनी अपंगत्व असलेल्या 153 व्यक्तींच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील मध्यम ते गंभीर अपंगत्व असलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आपले आयुष्य चांगले किंवा उत्तम असल्याचे सांगितले. बाहेरून पाहणाऱ्याला हे पटत नाही, कारण त्याला उणीव तेवढी दिसते आणि तिच्याभोवती पुन्हा उभे केलेले उरलेले जगणे दिसत नाही.

आपल्या प्रश्नाला सर्वांत जवळचा अभ्यास 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. डायलिसिसवरील रुग्ण आणि तेवढ्याच वयाचे निरोगी लोक, अशा दोन्ही गटांना हातात मावणारी छोटी यंत्रे देऊन आठवडाभर, दिवसातून अनेकदा, त्या क्षणीची मनःस्थिती विचारली गेली. नंतर आठवून सांगितलेले उत्तर आणि त्या त्या क्षणी दिलेले उत्तर यांत फार फरक पडतो, म्हणून ही पद्धत मला महत्त्वाची वाटते. दोन्ही गटांच्या मनःस्थितीत लक्षणीय फरक आढळला नाही. निरोगी लोकांना मात्र डायलिसिसवरचा माणूस बहुतेक वेळ खिन्न असेल असे वाटत होते. त्याहून विचार करायला लावणारी बाब अशी की, आपण आजारी पडलोच नसतो तर आता आहोत त्याहून बरेच आनंदी असतो, असे रुग्णांनाही वाटत होते. स्वतः जुळवून घेतलेल्या माणसालाही आपण किती जुळवून घेतले आहे, याचा पुरता अंदाज नसतो.

नातेवाइकांनी दिलेले गुण रुग्णाच्या गुणांपेक्षा कमी असणे हेही नेहमीचेच आहे. जिना चढता येतो का, अंघोळ स्वतः करता येते का, अशा डोळ्यांना दिसणाऱ्या बाबतींत दोघांची उत्तरे बऱ्यापैकी जुळतात. मनःस्थितीच्या प्रश्नावर ती दूर जातात, आणि सांभाळ करणारा माणूस जितका दमलेला, तितकी त्याची खूण खाली सरकते. आपल्या 45 मध्ये थोडा भाग आपल्या स्वतःच्या काळजीचाही आहे, हे मी दोष म्हणून सांगत नाही.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: 80 खरे माना. पण प्रत्यारोपणाचा निर्णय त्या एका आकड्यावर सोडू नका, कारण तो आकडा आजच्या दिवसाबद्दल आहे आणि निर्णय पुढच्या अनेक वर्षांबद्दल आहे. योग्य रुग्णात प्रत्यारोपणाने सरासरी आयुर्मान वाढते, ही बाब पट्टीवर कुठेच उमटत नाही. दुसऱ्या बाजूनेही सावध राहायला हवे. 2008 मधील एका अभ्यासात प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांनी आपले जीवन किती सुधारेल याचा जो अंदाज केला होता, त्याहून प्रत्यक्ष सुधारणा कमी निघाली. ती झाली नाही असे नाही. अपेक्षेएवढी झाली नाही. आणि शस्त्रक्रियेनंतर तेच लोक आपले डायलिसिसचे दिवस त्या वेळी स्वतः नोंदवले होते त्याहून वाईट होते, असे सांगू लागले.

तिसरी_पाळी

मी सोलापूरची, शिक्षिका. डायलिसिसवर आहे आणि हृदयाच्या तक्रारीमुळे माझ्या बाबतीत प्रत्यारोपणाचा विचार होऊ शकत नाही. शाळा सुटल्यावर संध्याकाळच्या पाळीला जाते, म्हणून हे नाव.

ताई, आधी एक साधी गोष्ट विचारा: अण्णांनी ती खूण कोणत्या दिवशी आणि कोणत्या वेळी केली? आमच्या आठवड्याला स्वतःचा चढउतार असतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार अशी पाळी असेल तर रविवारची रात्र सर्वांत जड जाते. दोन दिवसांचे पाणी अंगात साठलेले असते, उशा वाढवून टेकून झोपावे लागते, आणि चप्पल पायाला घट्ट होऊ लागली की उद्या वजन किती भरणार याची धास्ती असते. डायलिसिस झाल्यावरची संध्याकाळ वेगळी. तेव्हा श्वास मोकळा असतो, पण अंगातून जीव काढून घेतल्यासारखा थकवा असतो आणि कोणी बोलले तरी नको वाटते. मधला मंगळवार मात्र माझा असतो. मंगळवारी सकाळी मला पट्टी दिली तर मीही 80 वर खूण करीन आणि ती मनापासून केलेली असेल. रविवारी रात्री दिली तर कदाचित 40 वर. दोन्ही उत्तरे माझीच आहेत.

समाजवैद्यक सरांनी जुळवून घेण्याबद्दल लिहिले ते मला शंभर टक्के पटते. शाळेत काही सहकारी माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलतात की वर्गातून बाहेर पडून स्टाफरूममध्ये जाणे मला नको होते. पाचवीच्या मुलांना माझ्या हातावरचा फुगीर भाग ठाऊक आहे. एकीने विचारले, मी सांगितले आणि पुढच्या मिनिटाला आम्ही अपूर्णांकांकडे वळलो. माझे आयुष्य चांगले आहे असे मी म्हणते, त्यात त्या वर्गाचा फार मोठा वाटा आहे. माझी नोकरी गेली, तर तपासण्यांचे आकडे तेच राहतील, पण माझी खूण खाली येईल.

पण त्या पाच प्रश्नांत न मावणाऱ्या गोष्टीही विचारा. रात्री अंगाला सुटणारी खाज, तहान, मशीनवर शेवटच्या तासात पोटरीत येणारे गोळे, आणि आपल्यामुळे घरातल्या माणसाचा दिवस बांधला जातो ही टोचणी. मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठीच तयार केलेली केडीक्यूओएल-36 नावाची प्रश्नावली आहे. तिच्यात पाण्याचे बंधन, खाण्याचे पथ्य, प्रवास आणि "मी घरच्यांना ओझे वाटतो का" हे सारे स्वतंत्रपणे विचारलेले असते. मला ती एकदा भरायला दिली होती. त्या शेवटच्या प्रश्नावर माझा पेन बराच वेळ थांबला होता, आणि तोपर्यंत मला कोणी तो प्रश्न विचारलेला नव्हता.

चहाबद्दल एक सांगते. "माझा आत्ताच झाला" हे आम्ही बहुतेक सगळेच म्हणतो. तसे म्हटले की आजाराचा विषय निघत नाही आणि गप्पा चालू राहतात. कट्ट्यावर जायचे ते गप्पांसाठी. अण्णा जायचे थांबले, तर मात्र काळजी करा.

अर्थशास्त्राची_विद्यार्थिनी

वरच्या दोन्ही प्रतिसादांचा आदर ठेवून मला वेगळा मुद्दा मांडायचा आहे. रुग्ण समाधानी आहे म्हणजे त्याचे चांगले चालले आहे, असे धरून चालण्यात एक धोका आहे आणि तो आपल्या देशात विशेष मोठा आहे.

अमर्त्य सेन यांनी या विषयावर अनेकदा लिहिले आहे. बंगालच्या दुष्काळानंतर 1944 मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर भागात आरोग्याची पाहणी झाली होती. त्यात विधुर पुरुषांपैकी 48.5 टक्क्यांनी आपली प्रकृती बरी नसल्याचे सांगितले, तर विधवा स्त्रियांपैकी फक्त 2.5 टक्क्यांनी. त्या काळातील बंगाली विधवेचे खाणे-पिणे, उपासतापास आणि घरातले स्थान पाहता तिची प्रकृती विधुराहून चांगली असेल, हे कोणीही मान्य करणार नाही. आपल्या प्रकृतीबद्दल तक्रार करता येते, हेच तिला कधी कोणी जाणवू दिले नव्हते. सेन यांनी पुढे 2002 मध्ये केरळ आणि बिहारची तुलना मांडली. तेव्हा आयुर्मान सर्वाधिक असलेल्या केरळात लोक स्वतःहून सर्वाधिक आजार सांगत होते आणि आयुर्मान कमी असलेल्या बिहारात सर्वांत कमी. शिक्षण आणि दवाखाने जवळ असले की माणसाला आपले दुखणे दुखणे म्हणून ओळखता येते.

म्हणून "रुग्णाने जुळवून घेतले आहे" हे वाक्य मला अस्वस्थ करते. ते घरच्यांच्या तोंडी आले की उपचार लांबतात आणि सरकारच्या तोंडी आले की सोयी लांबतात. तालुक्याच्या गावातून दर खेपेला दीड-दोन तासांचा प्रवास करून डायलिसिसला येणारी बाई पट्टीवर 75 वर खूण करील, कारण केंद्र मिळाले हेच तिला भाग्य वाटते. त्या 75 वरून तिच्या तालुक्यात केंद्र नको, असा निष्कर्ष काढायचा का?

आणि ताई, आपल्या संपूर्ण प्रश्नात आईच्या तपासण्यांचे निकाल आहेत, पण आईचा आकडा नाही. पथ्याची भाजी चिरून, उकळून, पाणी टाकून देऊन पुन्हा शिजवणारी, आठवड्यातून तीनदा सोबत जाऊन बाहेरच्या बाकावर चार तास बसणारी आणि आता मूत्रपिंड द्यायला तयार झालेली व्यक्ती स्वतःच्या तब्येतीला किती गुण देईल? तिने 90 सांगितले तर सिंगूरची पाहणी आठवावी, अशी विनंती आहे.

समाजवैद्यक

आपला आक्षेप मला मान्य आहे आणि तो आमच्या विषयातही गांभीर्याने घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनमानाची व्याख्या करताना माणूस ज्या संस्कृतीत आणि मूल्यव्यवस्थेत राहतो त्या चौकटीत, आणि त्याची ध्येये व अपेक्षा यांच्या संदर्भात, त्याला आपले स्थान कसे वाटते, असा विचार केला आहे. 1990 च्या दशकात त्या संघटनेची प्रश्नावली तयार करणाऱ्या केंद्रांत दिल्ली आणि चेन्नईही होती. तिच्या 26 प्रश्नांच्या लहान आवृत्तीत शरीर, मन आणि नातेसंबंध यांच्या जोडीला परिसर हा चौथा भाग आहे: पैसा पुरेसा आहे का, दवाखान्यापर्यंत पोहोचता येते का, राहते घर कसे आहे. अपेक्षा मुळातच दबलेल्या असतील, तर त्या व्याख्येतूनही दबलेलेच उत्तर येणार, हे आपले म्हणणे बरोबर आहे.

माझा आग्रह एवढ्यासाठीच आहे की, अण्णांच्या अपेक्षा दबलेल्या आहेत की विचारपूर्वक बदललेल्या आहेत, हे आपण बाहेरून ठरवू नये. त्यांना विचारल्याशिवाय ते कळण्याचा मार्ग नाही, आणि विचारताना आकडा बाजूला ठेवावा. काय करावेसे वाटते आणि करता येत नाही, असे विचारावे.

कृष्णाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. या शनिवार-रविवारी मी सांगलीला जाऊन आले. अण्णांशी गच्चीवर निवांत बोलणे झाले. खूण बुधवारी, मशीनवर बसल्यावर केली होती. त्यांच्या पाळीतला तो मधला दिवस. काय करावेसे वाटते, असे विचारल्यावर त्यांनी लगेच दोन गोष्टी सांगितल्या. एक, पुण्याला माझ्याकडे येऊन सलग आठ दिवस राहायचे आहे. दुसरी, पोटभर ताक प्यायचे आहे. नंतर बराच वेळ शांत राहून म्हणाले, "ऐंशी खरेच आहेत गं. पण उरलेल्या विसांसाठी तुझ्या आईच्या अंगाला सुरी लागलेली मला नको."

आईलाही विचारले. ती म्हणाली, "मला काय झालंय?" तेव्हा वरचा प्रतिसाद आठवला आणि मी तिथेच थांबले नाही. गुडघे दुखतात, रात्री तीन-चारदा अण्णांचा श्वास नीट चालू आहे ना ते बघायला उठते, आणि बहिणीकडे मुक्कामाला जाणे बंद झाले आहे, हे तिने हळूहळू सांगितले. मूत्रपिंड देण्याबद्दल मात्र ती ठाम आहे: "हे माझ्यासाठी पण आहे. मला पण मोकळं व्हायचंय." हे वाक्य तिने अण्णांसमोर कधीही उच्चारलेले नाही. आता पुढे काय करावे?

प्रत्यारोपण_समन्वयक

मी एका रुग्णालयात हेच काम करते. ताई, आता आपल्याकडे दोन आकड्यांपेक्षा बरेच काही आहे. अण्णांचा नकार स्वतःच्या जीवनमानाबद्दल नसून आईच्या जिवाबद्दल आहे. त्यामुळे त्यांना प्रत्यारोपणाचे फायदे पुन्हा पुन्हा सांगून उपयोग होणार नाही. दात्याला असणारा धोका किती, एका मूत्रपिंडावर माणूस पुढे कसा जगतो, दात्याला नंतर कोणत्या तपासण्या कराव्या लागतात, हे त्यांना मूत्रपिंडतज्ज्ञांच्या तोंडून ऐकू द्या. गुडघेदुखीसाठी आई दुकानातून वेदनाशामक गोळ्या घेत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर परिणाम होतो आणि दात्याच्या तपासणीत ती माहिती आवश्यक असते.

1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी हे जवळचे नातेवाईक ठरतात, त्यामुळे कागदपत्रे तुलनेने सोपी आहेत. तरीही आईंची भेट अण्णांशिवाय आणि मुलांशिवाय, एकट्याने व्हावी, अशी मागणी करा. दात्यांत पत्नी आणि आई यांचे प्रमाण आपल्याकडे मोठे आहे, आणि त्यांच्यापैकी काही जणींना नाही म्हणण्याची जागा घरात नसते. आपल्या आईंच्या बोलण्यावरून तसे वाटत नाही, पण ते त्यांनीच आम्हाला सांगायला हवे. शस्त्रक्रियेच्या आधी केव्हाही त्या निर्णय मागे घेऊ शकतात, हेही त्यांना ठाऊक असले पाहिजे.

प्रत्यारोपण झालेच तर मोजून पाणी पिणे संपते, ताक पिता येते, आठ दिवस मुलीकडे राहता येते. त्याबरोबर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वेळेवर आणि कायमची घ्यावी लागतात, संसर्गाची भीती राहते आणि त्यातल्या काही औषधांनी साखर वाढते. अण्णांना मधुमेह आहे, म्हणून हे शस्त्रक्रियेच्या आधीच बोलून घ्या.

आणि शस्त्रक्रिया नको असे ठरले, तरी डायलिसिस केंद्राला बांधून राहणे हाच एक मार्ग उरतो असे नाही. पोटातून करायचे डायलिसिस घरी करता येते. दिवसातून तीन-चार वेळा पिशव्या बदलाव्या लागतात, स्वच्छता कडक पाळावी लागते, पण पिशव्या पुण्याला पोहोचवण्याची व्यवस्था झाली तर मुक्कामाला जाता येते. मेंदूमृत दात्याकडून मिळणाऱ्या मूत्रपिंडासाठीही नाव नोंदवता येते. नोंदणीसाठी असलेली 65 वर्षांची वयोमर्यादा 2023 मध्ये काढून टाकली आहे, त्यामुळे अण्णांच्या वयाची अडचण येणार नाही. नोंदणी प्रत्यारोपण करणाऱ्या मान्यताप्राप्त रुग्णालयामार्फत होते. पुढच्या भेटीला जाताना अण्णांच्या अलीकडच्या तपासण्या, हृदयाची इको तपासणी आणि दोघांच्या चालू औषधांची यादी सोबत ठेवा, आणि आईंच्या वेगळ्या भेटीची वेळ त्याच दिवशी मागून घ्या.